ऑस्ट्रेलियातले सोलर-विंड प्रकल्प आणि अ‍ॅबोरिजिनल समाजाचा वाटा: करार पायरीपायरीनं कसा बांधायचा

पर्थ, ब्रिस्बेन किंवा अ‍ॅडलेडला सोलर-विंडच्या कंपनीत लागलेल्या इंजिनियरच्या टेबलावर ही फाईल कधी ना कधी येतेच. जागा ठरलेली असते, उन्हावाऱ्याचे आकडे हातात असतात, ग्रिडला जोडणी कुठे मिळणार हेही कळलेलं असतं. मग वरचा साहेब म्हणतो, "आता तेवढं ट्रॅडिशनल ओनर्सचं बघून घे," म्हणजे त्या जमिनीच्या मूळ अ‍ॅबोरिजिनल हक्कदारांचं. त्या 'तेवढं'मध्ये पुढची दोन-तीन वर्षं अडकतात, आणि प्रकरण कोर्टात गेलं तर त्याहून जास्त.

या कामात वाटा किती टक्के यावर सगळे घासाघीस करतात. माझ्या मते त्या आकड्याआधी दोन गोष्टी येतात: बोलणी कधी सुरू झाली, आणि टक्के नेमके कशाचे. पुढचं सगळं या दोन गोष्टींभोवती आहे. वकील लागणारच, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचं ते आपल्याला ठाऊक हवं.

आधी जमीन कुणाची ते शोधा

३ जून १९९२ ला ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, माबो खटल्याचा निकाल दिला. इंग्रज आले तेव्हा ही जमीन बेवारस नव्हती, हे त्या निकालानं मान्य झालं. त्यातून १९९३ चा नेटिव्ह टायटल, म्हणजे मूळ रहिवाशांच्या जमिनीवरच्या परंपरागत हक्काचा, कायदा आला. आज देशाच्या मोठ्या भूभागावर कोर्टानं नेटिव्ह टायटल मान्य केलेलं आहे. पण ते सगळीकडे सारखं नाही. काही ठिकाणी ते 'एक्स्क्लुझिव्ह' असतं, म्हणजे जमिनीवर कोण येणार हे ठरवायचा हक्क त्या समाजाचा. काही ठिकाणी मात्र ते गुराढोरांच्या पट्ट्यांसोबत, म्हणजे पॅस्टोरल लीजसोबत, एकाच जमिनीवर नांदतं.

त्यामुळे पहिलं काम नॅशनल नेटिव्ह टायटल ट्रायब्युनलच्या नोंदी आणि नकाशे तपासण्याचं. दावा मंजूर आहे, प्रलंबित आहे की फेटाळलेला, ते पाहा. मंजूर असेल तर हक्क सांभाळणारी नोंदणीकृत संस्था असते, तिला प्रिस्क्राइब्ड बॉडी कॉर्पोरेट म्हणतात, रोजच्या बोलण्यात पीबीसी. बोलणी तिच्याशी करायची. ओळखीच्या एखाद्या वडीलधाऱ्यांशी चहा पिऊन 'समाजाशी चर्चा झाली' असं अहवालात लिहिणारे कमी नाहीत. पुढे खटला उभा राहतो तो अशाच वाक्यांवर.

नॉर्दर्न टेरिटरीत चित्र वेगळं. तिथे १९७६ चा लँड राइट्स कायदा आहे, आणि त्याखालच्या जमिनीवर लीज हवी तर लँड कौन्सिल, म्हणजे मूळ मालकांच्या वतीनं काम पाहणारी संस्था, तिच्यामार्फत जावं लागतं. न्यू साउथ वेल्समध्ये १९८३ च्या कायद्यानुसार स्थानिक अ‍ॅबोरिजिनल लँड कौन्सिलं स्वतः जमिनीची मालक असू शकतात. शिवाय त्याच भागात नेटिव्ह टायटलधारकांची वेगळी संस्थाही असू शकते. दोघांशी बोलावं लागतं, आणि दोघांचं आपसात पटतंच असं नाही. त्यात कंपनीनं पडू नये.

इथे कायद्यातली एक मेख लक्षात ठेवा. खाणीसाठी परवाना द्यायचा तर नेटिव्ह टायटलधारकांना वाटाघाटीचा हक्क मिळतो आणि किमान सहा महिने सद्भावनेनं बोलणी करावी लागतात. सोलर किंवा पवन प्रकल्पाला ही तरतूद सहसा लागू होत नाही. ट्रान्समिशन लाइनसारख्या सार्वजनिक सोयींना तर नुसती सूचना आणि मत मांडण्याची संधी एवढ्यावरच भागवता येतं. म्हणजे कागदावर खाणवाल्यापेक्षा सोलरवाल्याला कमी त्रास. प्रत्यक्षात एक्स्क्लुझिव्ह हक्काच्या जमिनीवर मोठा वीजनिर्मिती प्रकल्प उभा करायचा तर इंडिजिनस लँड यूज अ‍ॅग्रीमेंट, म्हणजे आयएलयूए, हाच चालणारा रस्ता आहे. हा करार नोंदवला गेला की सही न केलेल्या सगळ्या हक्कधारकांनाही बांधतो. बँकांना तो आवडतो तो यासाठीच. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात पॅस्टोरल जमिनीवर सोलर-विंडसाठी 'डायव्हर्सिफिकेशन लीज' हा नवा प्रकार २०२३ च्या कायद्यानं आणला; त्यालाही आयएलयूएची गाठ बांधलेली आहे.

नकाशावर पिन टाकण्याआधी भेटा

'आधी' म्हणजे किती आधी? टर्बाइनच्या जागा, रस्ते आणि सबस्टेशन ठरण्याआधी. बहुतेक कंपन्या पक्का लेआउट घेऊन जातात आणि 'तुमचं मत सांगा' म्हणतात. घर बांधून, रंग देऊन झाल्यावर वास्तुशांतीला बोलवावं आणि वर विचारावं की स्वयंपाकघर कुठे हवं, तसला हा प्रकार.

उशिरा विचारल्याचा हिशोब पाहायचा तर नॉर्वेतलं फोसेन पाहा. तिथे १५१ पवनचक्क्या सामी या मूळ रहिवासी लोकांच्या रेनडियरच्या हिवाळी कुरणांवर उभ्या राहिल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की परवाना अवैध आहे, सामींच्या सांस्कृतिक हक्काचा भंग झाला आहे. तोवर चक्क्या फिरत होत्या, वीज विकली जात होती. तडजोडी व्हायला २०२३ चं आणि २०२४ चं वर्ष उजाडलं.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियातलंच, खाणीचं. २४ मे २०२० ला वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या पिल्बारा भागात जूकन गॉर्ज इथली ४६ हजार वर्षं वापराच्या खुणा असलेली शैलाश्रयं, म्हणजे खडकातली निवाऱ्याची ठिकाणं, रिओ टिंटो या खाण कंपनीनं सुरुंग लावून उडवली. वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या १९७२ च्या हेरिटेज कायद्याखाली तिला रीतसर परवानगी होती. तरी सीईओसह तिघा वरिष्ठांना पद सोडावं लागलं. तेव्हापासून गुंतवणूकदार 'परवानगी आहे का?' एवढ्यावर थांबत नाहीत, 'संमती आहे का?' हे विचारतात. केंद्र सरकारच्या कपॅसिटी इन्व्हेस्टमेंट स्कीम या नव्या वीजप्रकल्पांना आधार देणाऱ्या योजनेच्या निविदांमध्ये फर्स्ट नेशन्सशी, म्हणजे मूळ रहिवासी समाजांशी, केलेल्या कामाला गुण आहेत, आणि डिसेंबर २०२४ मध्ये देशाच्या ऊर्जामंत्र्यांनी फर्स्ट नेशन्स क्लीन एनर्जी स्ट्रॅटेजी स्वीकारली.

पहिल्या पत्रात काय लिहावं? अगदी थोडं: आम्ही कोण, कोणत्या भागाचा विचार चालू आहे (बिंदू नाही, भाग), अजून काय ठरलेलं नाही, आणि भेटीचा खर्च कोण देणार. शेवटचा मुद्दा विसरू नका. पीबीसीकडे अनेकदा कार्यालय असतं तेही दुसऱ्याच्या मेहेरबानीवर. बैठकीला येणाऱ्यांना शंभर-दोनशे किलोमीटर गाडी हाकावी लागते. सिटिंग फी (बैठकीला बसण्याचा मोबदला), पेट्रोल, राहण्याची सोय, दुभाष्या हे सगळं कंपनीच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून हवं. त्यांचा वकील आणि त्यांचा आर्थिक सल्लागार यांचाही खर्च कंपनीनं द्यायचा, पण निवड त्यांची. हे ऐकून आपल्या अकाउंट्सवाल्यांच्या कपाळाला आठी पडते. समोरच्या बाजूला नीट सल्ला मिळाला नव्हता, असं पुढे सिद्ध झालं तर करारच डळमळतो. ती आठी त्याहून स्वस्त.

बैठकांचं वेळापत्रक त्यांच्या हवामानानं चालतं

ऑस्ट्रेलियाच्या वायव्येकडच्या किम्बर्लीत साधारण नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. रस्ते बंद होतात, वस्त्या तुटतात. 'मार्चपर्यंत सह्या हव्यात' असं सिडनीत बसून ठरवणाऱ्याला हे सांगावं लागतं. गावात कुणी वारलं की 'सॉरी बिझनेस', म्हणजे शोकाचे विधी, सुरू होतो, आणि मग दिवस, कधी आठवडे बैठका थांबतात. त्या काळात आठवणीचा ईमेलही पाठवू नये. गेलेल्या व्यक्तीचं नाव घेणं आणि फोटो दाखवणं अनेक समाजांत वर्ज्य आहे, म्हणून जुनं प्रेझेंटेशन पुन्हा लावताना त्यातले फोटो तपासा.

काही जागांची माहिती फक्त बायकांकडे असते, काहींची फक्त पुरुषांकडे. आपल्या टीममध्ये दोन्ही असतील तरच ती चर्चा होते. एका बैठकीत कुणी काहीच बोललं नाही, याचा अर्थ होकार असा नसतो. ते घरी जाऊन, आपसात, आपल्या पद्धतीनं ठरवणार.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाची गोष्ट माहीत असलेल्यांना हे नवं वाटणार नाही. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं ते गाव बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं निर्णय घेतं, आणि ग्रामसभेआधी अभ्यासगटात विषयाचा कीस पाडतं. वेळ लागतो. पण एकदा ठरलं की गाव मागे फिरत नाही.

सर्वेक्षण: माहिती कुणाच्या कपाटात राहणार?

हेरिटेज सर्वेक्षण म्हणजे समाजाचे जाणकार आणि पुरातत्त्वज्ञ मिळून जमीन पायी फिरणं. दगडी हत्यारं, खुणा केलेली झाडं, दफनभूमी यांच्याबरोबर ज्या जागांवर डोळ्यांना काहीच दिसत नाही अशा जागाही यात येतात. एखादी टेकडी, पाण्याचा झरा, दोन टेकड्यांमधली मोकळी वाट यांना कथा असते, आणि ती कथा सगळ्यांना सांगण्याजोगी नसते.

म्हणून करारात दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली, ही माहिती समाजाच्या मालकीची. कंपनीला फक्त 'इथे खोदू नका' एवढा पट्टा मिळणार, कारण नाही. इंजिनियरला कारण विचारायची सवय असते, ती इथे आवरावी. दुसरी, पाइल ठोकताना किंवा केबलचा चर खणताना काही सापडलं तर काम थांबवण्याचा अधिकार जागेवर हजर असलेल्या त्यांच्या निरीक्षकाला हवा. हेड ऑफिसला विचारून नाही, तिथल्या तिथे. टर्बाइनची जागा शंभरेक मीटर सरकवणं डिझाइनच्या टप्प्यावर माऊसच्या दोन क्लिकचं काम; पाया भरल्यावर तेच लाखोंचं.

पिल्बारातल्या यिंडजिबार्न्डी समाजानं २०२३ मध्ये फिलिपाइन्सच्या एसेन कंपनीबरोबर भागीदारी केली, तेव्हा प्रकल्पांच्या जागांना यिंडजिबार्न्डींची मंजुरी ही मूळ अटच ठेवली. याच समाजाच्या जमिनीवर एक मोठी लोहखाण त्यांच्याशी करार न करता चालू आहे. २०१७ मध्ये कोर्टानं त्यांचा एक्स्क्लुझिव्ह हक्क मान्य केला आणि नुकसानभरपाईची लढाई त्यानंतरही चालू राहिली. त्या अनुभवातून शहाणे झालेले लोक समोर बसले, तेव्हा ही अट आली.

टक्के कशाचे? इथे सावकाश वाचा

पैशाचे मुख्य प्रकार चार. जमिनीचं ठरावीक भाडं. विजेच्या विक्रीवर टक्का. प्रकल्पात मालकीचा हिस्सा, म्हणजे इक्विटी. आणि आज नाही पण पुढे ठरल्या किमतीत हिस्सा घेण्याचा पर्याय. एक प्रकार टाळण्याचा: 'नफ्यावर टक्का'. नफा कुठे दाखवायचा हे हिशोबनीस ठरवतो. देखभालीचं कंत्राट आपल्याच दुसऱ्या कंपनीला चढ्या दरानं दिलं की नफा तिकडे जातो आणि इथे शून्याचे टक्के उरतात.

इक्विटी ऐकायला भारदस्त वाटते. यिंडजिबार्न्डींच्या करारात २५ ते १०० टक्के हिस्सा घेण्याची मुभा आहे. ईस्ट किम्बर्लीतल्या क्लीन एनर्जी प्रकल्पाच्या कंपनीत एमजी कॉर्पोरेशन, बालंगारा कॉर्पोरेशन, किम्बर्ली लँड कौन्सिल आणि पोलिनेशन ही सल्लागार-गुंतवणूक कंपनी असे चार सारखे भागीदार आहेत. म्हणजे तीन हिस्से अ‍ॅबोरिजिनल संस्थांचे. कॅनडा याबाबत पुढे आहे. ओंटारियोत ३०० मेगावॉटच्या हेन्वी इनलेट पवन प्रकल्पात तिथल्या फर्स्ट नेशनची निम्मी मालकी आहे. वातायनीकानेयाप या सुमारे १,८०० किलोमीटरच्या ट्रान्समिशन लाइनमध्ये २४ फर्स्ट नेशन्सचा मिळून ५१ टक्के वाटा आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या २०२४ च्या वीजखरेदी निविदेत फर्स्ट नेशन्सची किमान २५ टक्के मालकी ही अटच होती.

पण हिस्सा विकत घ्यायला पैसा लागतो, आणि तो कर्जानं येतो. एक काल्पनिक पण शक्य कोटीतला हिशोब मांडून पाहू. १०० मेगावॉटचा सोलर प्रकल्प, खर्च १३ कोटी डॉलर. त्यातले ७.८ कोटी बँकेचं कर्ज, ६ टक्के व्याज, २० वर्षं. उरलेलं ५.२ कोटी भागभांडवल. वर्षाला साधारण २ लाख १९ हजार मेगावॉट-तास वीज, दर ६५ डॉलर धरला तर उत्पन्न सुमारे १ कोटी ४२ लाख. देखभाल-विमा २२ लाख, बँकेचा हप्ता सुमारे ६८ लाख. मालकांना वाटायला उरले ५२ लाख.

आता समाजानं २५ टक्के हिस्सा घेतला. किंमत १ कोटी ३० लाख, वर्षाचा लाभांश १३ लाख. तारण ठेवायला काही नाही म्हणून कर्ज ८ टक्क्यांनी मिळालं, तर २० वर्षांचा वार्षिक हप्ता १३ लाख २४ हजार. म्हणजे पाव प्रकल्पाचे मालक असूनही दरवर्षी वीसेक हजार खिशातून. तेच कर्ज सरकारी हमीवर ६ टक्क्यांनी मिळालं तर हप्ता ११ लाख ३३ हजार, आणि हातात राहतात १ लाख ७० हजारांच्या आसपास. कॅनडाच्या केंद्र सरकारनं इंडिजिनस कर्जहमीसाठी २०२४ मध्ये ५ अब्ज डॉलर ठेवले आणि पुढच्याच वर्षी ते १० अब्ज केले, त्याचं मर्म या दोन टक्क्यांत आहे.

याच प्रकल्पात हिस्सा न घेता विक्रीवर नुसता १ टक्का घेतला असता तर? पहिल्याच वर्षापासून १ लाख ४२ हजार, कर्ज नाही, जोखीम नाही. २० वर्षांनी मात्र चित्र पालटतं. दोन्ही कर्जं फिटली की २५ टक्के मालकाला, दर तोच राहिला तर, वर्षाला तीसेक लाख मिळू शकतात. १ टक्केवाल्याचे तेच १ लाख ४२ हजार. पण पॅनल तोवर जुने झालेले असतात, विजेचा भाव काय असेल कुणास ठाऊक, आणि आजच्या म्हाताऱ्या माणसांना वीस वर्षांनंतरचा लाभांश काय कामाचा?

माझा सल्ला मिश्रणाचा. पहिल्या दिवसापासून विक्रीवर छोटा टक्का, सोबत प्रकल्प चालू झाल्यावर हिस्सा घेण्याचा पर्याय. बांधकामाची जोखीम कंपनीनं उचलायची, कारण जास्तीत जास्त गडबडी बांधकामातच होतात. आणि एक-दोन टक्के हिस्सा विनामूल्य मागायला लाजू नये. जमीन, सामाजिक मान्यता आणि निविदेतले गुण त्यांच्यामुळे मिळतात, त्याची किंमत शून्य कशी?

नोकऱ्या, कंत्राटं, आणि घरातली वीज

नोकऱ्यांचे आकडे बांधकामाच्या वर्षा-दीड वर्षाचे असतात. प्रकल्प चालू झाला की मोठ्या सोलर फार्मवर मोजकी माणसं लागतात. म्हणून '२०० नोकऱ्या' असं न लिहिता कोणत्या टप्प्यात किती आणि कोणत्या, ते लिहा. इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप चार वर्षांची. ती बांधकामाबरोबर सुरू केली तर पोरगा शिकून बाहेर पडेपर्यंत साइट रिकामी झालेली असते. दुर्गम भागात ड्रायव्हिंग लायसन्स नसणं ही नोकरीतली फार मोठी अडचण आहे. त्यासाठी पैसे ठेवा, स्वस्तात खूप फरक पडतो.

कंत्राटं लहान तुकड्यांत काढा: कुंपण, गवतकाप, सुरक्षा, पाण्याचे टँकर. एकच मोठं पॅकेज काढलं की स्थानिक संस्था आपोआप बाद होते. 'ब्लॅक क्लॅडिंग'कडेही लक्ष ठेवा. कागदावर अ‍ॅबोरिजिनल भागीदार, प्रत्यक्षात सगळी सूत्रं दुसऱ्याच्या हाती, असल्या कंपन्या असतात. अ‍ॅबोरिजिनल व्यवसायांची यादी ठेवणाऱ्या सप्लाय नेशन या संस्थेची नोंदणी पाहा, आणि पीबीसीला विचारा. तिथे कोण खरं ते सगळ्यांना ठाऊक असतं.

आता सर्वांत जास्त विसरला जाणारा मुद्दा. नॉर्दर्न टेरिटरीतल्या दुर्गम वस्त्यांत बहुतेक घरांना प्रीपेड मीटर आहे. पैसे संपले की वीज गेली. २८ वस्त्यांतल्या सुमारे ३,३०० घरांच्या अभ्यासात २०१८-१९ या एका वर्षात ९१ टक्के घरांची वीज किमान एकदा तुटली होती, आणि ७४ टक्के घरांची दहाहून जास्त वेळा. बाहेर चाळिशीतलं ऊन आणि फ्रिजमध्ये इन्सुलिन. अशा वस्तीच्या शेजारी शेकडो मेगावॉटचा सोलर फार्म उभा करून ती वीज शहराला किंवा हायड्रोजनच्या कारखान्याला पाठवायची, आणि गावच्या क्रीडा संघाला जर्सी द्यायची, हे शोभत नाही. करारात घरांच्या विजेचं कलम घाला: वस्तीला सवलतीचा दर, छतावर पॅनल, किंवा स्वतःचा मायक्रोग्रिड, म्हणजे वस्तीपुरतं छोटं वीजजाळं. मार्लिंजा या छोट्या वस्तीनं 'ओरिजिनल पॉवर' या अ‍ॅबोरिजिनल संस्थेच्या मदतीनं २०२४ मध्ये स्वतःच्या मालकीचा, बॅटरीसह ग्रिडला जोडलेला मायक्रोग्रिड उभा केला. मीटर, दर आणि वीज कंपनीच्या परवानग्या यांत अशा कामाला वेळ जातो, म्हणून हे कलम शेवटी नको, सुरुवातीलाच हवं.

सही करण्याआधी ही कलमं वाचाच

प्रकल्प विकले जातात, अनेकदा बांधकाम संपताच. आज ज्या माणसानं शब्द दिला तो उद्या दुसऱ्या कंपनीत असतो. त्यामुळे नवा मालक आला तरी करार जसाच्या तसा लागू राहील, आणि विक्रीआधी समाजाला हिस्सा घेण्याची पहिली संधी मिळेल, हे लिहून घ्या. दर पाच वर्षांनी फेरआढावा हवा. गुप्ततेचं कलम पैशाच्या आकड्यांपुरतं ठीक. त्याच्या आडून समाजाला जाहीर तक्रार करायला बंदी घालू नये.

प्रकल्पाचं आयुष्य संपल्यावर पॅनल, पाती, काँक्रीटचे पाये कोण उचलणार? 'कंपनी उचलेल' हे पुरेसं नाही, कारण तोवर कंपनी असेलच असं नाही. त्यासाठीची रक्कम वेगळ्या खात्यात दरवर्षी जमा होत राहिली पाहिजे, आणि पायाचं काँक्रीट किती खोलीपर्यंत काढायचं तेही लिहायचं.

पैसा कुठे जाणार हे समाज ठरवतो, पण ट्रस्टची रचना, कर आणि वाटपाचे नियम सही होण्याआधी तयार हवेत. रक्कम आली आणि नियम नाहीत, अशा वेळी घराघरांत भांडणं लागतात आणि त्याचं खापर प्रकल्पावर फुटतं.

सहीनंतर

संयुक्त समिती नेमा, वर्षातून निदान दोन बैठका जागेवर घ्या, आणि प्रत्येक आश्वासनासमोर तारीख, रक्कम, जबाबदार माणूस असा एक साधा तक्ता ठेवा. तो दोन्ही बाजूंकडे एकच असावा. तुमची बदली झाली तर नव्या माणसाला फाईल पाठवून मोकळे होऊ नका; त्याला सोबत घेऊन पीबीसीच्या कार्यालयात जा, आणि त्या भेटीचा खर्चही आधीच अंदाजपत्रकात धरून ठेवा.